घोट्याएवढे पाणी

मोटार चालवणाऱ्याला पाण्याची खोली कळत नाही, असे माझे मत झाले आहे. पायी चालणाऱ्याला ती कळते. बैलाला तर फारच चांगली कळते. काचेआड बसलेल्याला मात्र समोरचा पूर सिनेमातला वाटतो.

संग्रामपूर तालुक्यातला तो रपटा माझ्या सासुरवाडीच्या वाटेवरचा, म्हणजे चांगल्या ओळखीचा. उत्तरेला सातपुडा. पाऊस डोंगरात कोसळतो आणि खाली लख्ख ऊन असताना नाले फुगून येतात. २२ जुलै २०२३ च्या पुराने संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांची केलेली दैना मी डोळ्यांनी पाहिली होती. तरीही पुढल्याच पावसाळ्यात, शेजारी पत्नी आणि मागे सहा वर्षांचा नातू, असा मी त्या रपट्यापाशी उभा होतो.

काठावर एक म्हातारा शेतकरी बैल सोडून निवांत बसला होता. म्हणाला, "पानी उतरू द्या, साहेब. घंटाभर लागंल. बैल पाय टाकत नाई."

मी हसलो. बैलांना कुठे संध्याकाळी पाहुणे यायचे होते! पत्नी म्हणाली, "थांबू या की." मी गिअर टाकला.

मध्यावर स्टिअरिंग एकदम हलके झाले. त्या हलकेपणाचा अर्थ आज कळतो: चाकांनी जमीन सोडली होती. इंजिन खोकले आणि बंद पडले. गाडी तिरपी होऊन कडेच्या दगडाला टेकली. मी दार ढकलले, ते हलेना. खांदा लावला, तरी हलेना. मागून नातवाने विचारले, "आजोबा, आपण बोटीत आहोत का?"

तेवढ्यात काठावरून आरोळी आली, "काच! काच खाली करा!"

बटण दाबले. काचा उतरल्या. विजेने आणखी दोन मिनिटे दम धरला नसता तर? पट्टे सोडले. म्हाताऱ्याने गाडीचा दोर बाभळीला बांधला, दुसरे टोक कमरेला गुंडाळले आणि तो पाण्यात उतरला. खिडकीतून आधी पोर दिले, मग पत्नी, मग मी.

पुढे कित्येक रात्री झोप आली नाही, तेव्हा मी हिशेब करीत बसे. मीटरभर रुंद दाराबाहेर अर्धा मीटर पाणी असले, की दारावर सव्वाशे किलोंचा रेटा असतो. नऊशे किलोंची लहान गाडी, तळाला पाणी लागल्यावर आणखी वीतभरही चढायच्या आत, तरंगू लागते. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला, तर त्याचा जोर चौपट. विजेच्या काचा एकदा अडल्या, की बाजूची काच कोपऱ्यात घाव घालून फोडावी लागते. समोरची फुटता फुटत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला दिवसभरात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मुंबईत माणसे बंद मोटारींतच गुदमरून गेली. हे मी त्या वेळी वर्तमानपत्रात वाचले होते आणि हळहळून पान उलटले होते.

त्या संध्याकाळी आम्ही काठावर कुडकुडत बसलो होतो. पत्नी माझ्याशी बोलत नव्हती. समोर गाडी दगडावरून सुटली आणि शांतपणे निघून गेली. म्हाताऱ्याने दोर पिळला, नीट गुंडाळला आणि विचारले, "केवढं वाटलं होतं पानी, साहेब?"

"घोट्याएवढं," मी म्हणालो.

तो काही बोलला नाही. उठून बैलांना वैरण टाकू लागला.