गणेश पेठेतला बिनकाट्याचा मासा

पुण्याला समुद्र नाही, पण मासळीची हौस मात्र भरपूर. गणेश पेठेतल्या घाऊक बाजारात सकाळी गेलात तर पायाखाली बर्फाचे पाणी आणि कानावर भावाची हाकाटी. कोकण किनाऱ्याची मासळी, आंध्रातला रहू-कटला आणि उजनीची चिलापी इथे शेजारी शेजारी मांडलेली असते. कॅम्पातल्यांना शिवाजी मार्केट जवळ. ब्रिटिशांच्या काळातले हे कॅनॉट मार्केट. मार्च २०२१ मध्ये तिथे आग लागून विक्रेत्यांचे मोठे नुकसान झाले होते.

घरात लहान मुले किंवा दात गेलेली नानी असली की काट्याची धास्ती असते. मग बिनकाट्याचा पांढरा तुकडा शोधला जातो आणि बहुतेक वेळा हाती येतो बासा. हा मूळचा व्हिएतनामच्या मेकाँग नदीचा. आता आंध्रातल्या तलावांतही या जातीचे मासे पाळतात. चव सौम्य, वास जवळजवळ नाही. स्वस्त आहे म्हणून त्याला नावे ठेवू नयेत. मात्र महाग माशाच्या नावाखाली बासा गळ्यात पडू नये. रावस हवा असेल तर अख्खा मासा निवडून समोर कापून घ्यावा. कल्ले लाल, डोळे चमकदार, बोटाने दाबलेला खळगा लगेच भरून यावा. कापलेला तुकडा पाण्यात लिबलिबलेला किंवा आंबूस वासाचा असेल तर परत करावा. गोठवलेल्या पाकिटात बर्फाचा थर जाड असतो, म्हणून बर्फ वगळून वजन किती ते वाचा.

चिलापी ही आफ्रिकेतली. भारतात १९५२ मध्ये आली. पुण्यापासून सुमारे १०० किलोमीटरवरच्या भिगवणला हिवाळ्यात लोक रोहित पक्षी पाहायला जातात आणि चिलापी खाऊन येतात. तिचेही बिनकाट्याचे तुकडे निघतात, फक्त कापणारा हात सराईत हवा.

दिवसही पाहावेत. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना समुद्रबंदी, त्यामुळे भाव चढतात. पुढे नावा सुटतात आणि श्रावणामुळे शहरातली अनेक घरे मासळी सोडतात, तेव्हा आपल्या घरांना बरा माल बऱ्या भावात मिळतो.

आता चुलीपाशी. गोठवलेला तुकडा रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवून सुटू द्यावा, मग कपड्याने नीट टिपावा. ओला मासा तव्यावर तळत नाही, वाफतो. मीठ, हळद, आले-लसूण, लाल तिखट लावून १५ मिनिटे पुरे. लिंबू तळण्याच्या आधी, कारण फार वेळ राहिले तर मांस भुरभुरते. रवा आणि तांदळाचे पीठ लावून मध्यम आचेवर प्रत्येक बाजू ३-४ मिनिटे, उलटायचे एकदाच. सालन करायचे तर कांदा-टोमॅटोचा मसाला पूर्ण शिजल्यावर तुकडे सोडावेत आणि ५-६ मिनिटांत उतरवावे. पळी घालू नये, पातेले दोन्ही कानांनी धरून हलवावे. कोकणी घरांत टोमॅटोऐवजी आमसूल आणि नारळाचे दूध. बासाला ते अधिक मानवते असे माझे मत. बिर्याणीत मात्र हा मासा घालू नये, दमावर त्याचा चुरा होतो. तिथे सुरमईच बरी.