नवा साहेब, नवा संघ

२०२४ च्या एप्रिल महिन्यात आम्ही उभयता मुलीकडे अमेरिकेत होतो. केंटकी राज्यातील लेक्सिंग्टन हे तिचे गाव. ओडिशा केडरमध्ये आयुष्य घालवलेल्या निवृत्त सनदी अधिकाऱ्याला तेथे करण्यासारखे फारसे काही नसते. सकाळी फिरायला जावे आणि शेजाऱ्यांशी बोलावे, एवढाच कार्यक्रम. शेजारचे एक वृद्ध गृहस्थ, निवृत्त शाळामास्तर, रोज सोबत असत. एके सकाळी त्यांचा चेहरा सुतकी दिसला. घरी कोणी आजारी आहे का, असे विचारले, तर ते म्हणाले, "नाही, कोच गेला."

मला वाटले, वारला. घरी येऊन सांगितले तेव्हा मुलगी हसू लागली. "बाबा, वारला नाही, नोकरी बदलली त्याने. इथे गव्हर्नर बदलला तरी इतकी चर्चा होत नाही."

केंटकी विद्यापीठाचा बास्केटबॉल संघ ही त्या राज्यातील लोकांची मोठी अभिमानाची बाब आहे. अडॉल्फ रप नावाच्या प्रशिक्षकांनी १९३० ते १९७२ अशी बेचाळीस वर्षे हा संघ सांभाळला आणि ८७६ सामने जिंकले. त्यांच्या नावाच्या क्रीडागृहात सुमारे वीस हजार माणसे बसतात, आणि विद्यार्थ्यांच्या सामन्याला ती जागा भरते. जॉन कॅलिपारी २००९ पासून येथे प्रशिक्षक होते. २०१२ मध्ये त्यांनी राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले होते. मार्च २०२४ मध्ये मात्र ओकलंड या तुलनेने लहान विद्यापीठाकडून पहिल्याच फेरीत ८०-७६ असा पराभव झाला. पुढच्या महिन्यात ते अर्कान्सास विद्यापीठात रुजू झाले.

येथवर ही साधी बदलीची गोष्ट आहे. पुढे जे घडले त्याने मात्र मी चकित झालो. शिष्यवृत्तीवर खेळणारा एकही खेळाडू संघात राहिला नाही. काही व्यावसायिक संघांकडे गेले, काही अन्य विद्यापीठांत गेले, काही साहेबांच्या मागोमाग अर्कान्सासला गेले. तिकडे अर्कान्सासमध्येही तीच अवस्था. तेथे पोहोचल्यावर कॅलिपारींनीच सांगितले की, मी संघाला भेटलो, पण संघ असा नाहीच.

हे कसे शक्य होते, ते समजून घेण्यासाठी मी मास्तरांची शिकवणी लावली. कॉलेजचा प्रशिक्षक आपले खेळाडू शाळेत असतानाच हेरतो. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाच्या घरी जातो, आईवडिलांसमोर बसतो, तुमच्या मुलाला मी घडवीन असे आश्वासन देतो. मुलगा राजी झाला की तो एका पत्रावर सही करत असे. ही पद्धत १९६४ पासून २०२४ पर्यंत चालली. त्या पत्रात स्पष्ट म्हटलेले असे की, हा करार संस्थेशी आहे, प्रशिक्षकाशी नाही. पण कोणता मुलगा इमारतीकडे पाहून सही करतो? त्याने शब्द दिलेला असतो तो घरी येऊन गेलेल्या माणसाला.

पूर्वी नियम असा होता की खेळाडूने विद्यापीठ बदलले तर त्याला एक वर्ष सामन्यांबाहेर बसावे लागे. प्रशिक्षक मात्र आज येथे, उद्या तेथे, दुप्पट पगारावर जाऊ शकत असे. या अन्यायाविरुद्ध बरीच वर्षे ओरड झाली. २०१८ मध्ये विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंसाठी एक सामायिक नोंदणी-यादी सुरू झाली. तिला ते पोर्टल म्हणतात. २०२१ मध्ये एकदा बदल करणाऱ्याला बाहेर बसण्याची अट काढून टाकली, आणि २०२४ मध्ये अभ्यासात उत्तीर्ण असलेल्याला कितीही वेळा बदलाची मुभा मिळाली. त्या वसंतात मुख्य प्रशिक्षक गेल्यास त्याच्या खेळाडूंना नाव नोंदवायला तीस दिवस मिळत असत. जुलै २०२१ पासून खेळाडूला आपल्या नावावर पैसे कमावता येऊ लागले. पुढे जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनुसार विद्यापीठांनाच खेळाडूंना थेट पैसे देण्याची परवानगी मिळाली. पहिल्या वर्षाची मर्यादा होती एका विद्यापीठास सुमारे २ कोटी ५ लक्ष डॉलर.

पुढील हंगामासाठी केंटकीला शब्द दिलेली सहा शाळकरी मुले होती. त्यांपैकी तीन अर्कान्सासला गेली, दोन अन्य विद्यापीठांत गेली. उरला एक. ट्रॅव्हिस पेरी हा केंटकीतच वाढलेला मुलगा. मुलांच्या शालेय बास्केटबॉलमध्ये राज्यातील सर्वाधिक गुणांचा विक्रम त्याच्या नावावर होता. तो म्हणाला, मी येथेच येणार.

नवे प्रशिक्षक म्हणून मार्क पोप यांची निवड झाली. १९९६ च्या विजेत्या केंटकी संघाचे ते कप्तान होते. १४ एप्रिलला, रविवारी, त्यांचे जाहीर स्वागत झाले. सकाळी घरी आंबेडकर जयंतीनिमित्त बाबासाहेबांच्या प्रतिमेला फुले वाहिली आणि दुपारी मुलीने मला रप क्रीडागृहात नेले. क्रीडागृह तुडुंब भरले होते. नव्या साहेबाजवळ त्या दिवशी संघ नव्हता, तरी वीस हजार माणसे टाळ्या वाजवत होती. मी मात्र त्या गर्दीत बसून तीस वर्षांपूर्वीच्या माझ्या स्वतःच्या एका संघाचा विचार करीत होतो.

नव्वदच्या दशकात महानदीच्या मुखाजवळच्या एका जिल्ह्यात मी जिल्हाधिकारी म्हणून रुजू झालो. माझे पूर्वाधिकारी व मी यांच्या स्वभावात जमीन-अस्मानाचे अंतर. पहिल्याच आठवड्यात लोक कानाशी लागले. हा त्यांचा माणूस, तो त्यांचा माणूस. मी तरुण होतो, आणि आपला संघ आपण निवडावा यात मला काहीच गैर वाटत नव्हते. पंधरा दिवसांत मी स्टेनो बदलला, नाझर बदलला, आणि आपत्कालीन शाखेच्या बडबाबूंना (हेड क्लार्कला तिकडे असे म्हणतात) दूरच्या उपविभागात पाठवले. आदेशात कारण लिहिले, 'प्रशासकीय कारणास्तव'. हे दोन शब्द मी नोकरीत शेकडो वेळा लिहिले असतील. त्यांचा अर्थ मला कोणी विचारला नाही.

ऑगस्टमध्ये पूर आला. मध्यरात्री नदीचा बांध फुटला. अशा भगदाडाला ओडियात 'घाई' म्हणतात. तीन घाई पडल्या. होड्यांची यादी फाइलमध्ये होती, टंकलिखित, सहीशिक्क्यासह. पण ती दोन वर्षे जुनी होती. यादीतल्या निम्म्या मालकांनी होड्या विकल्या होत्या. नव्या बडबाबूंचा काही दोष नव्हता. त्यांना येऊन तीन महिने झाले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी मी पोलिसांच्या वायरलेसवरून जुन्या बडबाबूंना गाठले. त्यांनी कोणत्या कोळीवाड्यात किती होड्या आहेत, कोणाची कोणाला विकली गेली, कोणता नावाडी रात्री वल्हवायला तयार होतो, हे सारे वीस मिनिटे तोंडपाठ सांगितले. शेवटी म्हणाले, "आज्ञा, बदली माझी झाली आहे. होड्या तिथेच आहेत."

त्या वाक्यात टोमणा नव्हता. ते मला धीर देत होते.

दोन वस्त्यांपर्यंत होडी तिसऱ्या दिवशी पोहोचली. ती दुसऱ्या दिवशी पोहोचू शकली असती. शाळेच्या गच्चीवरून एका वृद्धेचे शव उतरवावे लागले. आदल्या दिवशी मदत मिळाली असती तर ती वाचली असती, असे कोणी म्हटले नाही. वाचली नसती, असेही कोणी म्हटले नाही. माझ्या अहवालात तिच्या मृत्यूचे कारण वार्धक्य असे नोंदले गेले.

पूर ओसरल्यावर मी बडबाबूंना परत बोलावले. ते हात जोडून म्हणाले, "आज्ञा, मुलीला तिकडच्या शाळेत घातले आहे, तिची परीक्षा आहे. आता नको." एका सहीने उठवलेला माणूस दुसऱ्या सहीने पूर्ववत जागी बसत नाही, हे मला त्या दिवशी समजले.

अमेरिकेने हा प्रश्न खेळाच्याही आधी प्रशासनात अनुभवलेला आहे. तेथे एकेकाळी नवा अध्यक्ष आला की टपाल कचेरीपर्यंतची माणसे बदलत. १८८१ मध्ये नोकरी न मिळालेल्या एका माणसाने अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळी झाडली, व त्यानंतर १८८३ च्या पेंडल्टन कायद्याने गुणवत्तेवर आधारित कायम सेवेचा पाया घातला गेला. आपल्याकडे कायम सेवा आहे, संविधानाच्या अनुच्छेद ३११ चे संरक्षण आहे. माणसाला काढता येत नाही, म्हणून आपण त्याला हलवतो. महाराष्ट्राने २००५ मध्ये बदल्यांच्या विनियमनाचा कायदा केला. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये टी. एस. आर. सुब्रमण्यम प्रकरणात सनदी अधिकाऱ्यांना किमान कार्यकाळ असावा असे निर्देश दिले. या दोन्हींचा रोख कार्यकाळाच्या निश्चितीकडे आहे. मात्र नवा साहेब खुर्चीवर बसल्यावर आपल्या कचेरीत पहिल्या पंधरा दिवसांत काय करतो, ते त्याच्या विवेकावर राहते.

केंटकीच्या त्या हंगामाचे पुढे काय झाले, ते मी भुवनेश्वरला परतल्यावर संगणकावर पाहत राहिलो. पोप यांनी बारा जणांचा नवा संघ उभा केला. त्यात नऊ जण अन्य विद्यापीठांतून आलेले, तीन नवखे. त्यांच्या जुन्या विद्यापीठातला एक खेळाडूही मागोमाग आला होता, म्हणजे आपली माणसे आणण्याचा मोह नव्या साहेबालाही सुटला नव्हता. पण संघ चांगला खेळला. नोव्हेंबरमध्ये त्याने ड्यूक विद्यापीठास ७७-७२ असे हरवले. १ फेब्रुवारी २०२५ रोजी कॅलिपारी अर्कान्सासचा संघ घेऊन रप क्रीडागृहात आले. आपल्याकडे २ तारखेची सकाळ होती. चहाचा कप हाती घेऊन मी पाहत होतो. प्रेक्षक जुन्या साहेबाची हुर्यो उडवत होते, आणि आदल्या वर्षी याच मैदानावर यांच्याच बाजूने खेळलेली मुले दुसऱ्या रंगाच्या गणवेशात होती. अर्कान्सास ८९-७९ असे जिंकले. मार्चमध्ये दोन्ही संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या अखेरच्या सोळांत पोहोचले आणि तेथेच हरले.

तेव्हा सगळी माणसे बदलल्याने नुकसानच होते, असे मी म्हणणार नाही. बारा अनोळखी मुले काही महिन्यांत संघ होऊ शकतात. प्रमुख खेळाडू जखमी झाले तेव्हा ट्रॅव्हिस पेरीला अधिक वेळ खेळावे लागले, आणि त्याने ते निभावले. पण २०२५ च्या वसंतात तोही मिसिसिपी विद्यापीठात गेला. मास्तरांना मी दूरध्वनी केला. त्यांना वाईट वाटले असेल असा माझा अंदाज होता. ते म्हणाले, "मुलाला खेळायचे आहे. साहेब जाऊ शकतो, तर त्याने का थांबावे?"

या उत्तरापाशी मी बराच वेळ अडकलो. ज्या पद्धतीला मी एप्रिलमध्ये बाजार म्हणून हिणवत होतो, तिच्यात एक गोष्ट आमच्या पद्धतीपेक्षा सरळ आहे. तेथे यादीत नाव खेळाडू स्वतः घालतो. बडबाबूंचे नाव यादीत मी घातले होते. त्यांना विचारले नव्हते, कारण सांगितले नव्हते, आणि ते कोणाचे माणूस आहेत हे कानाशी लागणाऱ्यांवरून ठरवले होते. खरे तर ते कोणाचेच माणूस नव्हते. ते त्या नदीचे माणूस होते. पूर्वीच्या साहेबाचे काम त्यांनी मनापासून केले, एवढाच त्यांचा अपराध; माझेही त्यांनी तसेच केले असते.

शिवाय खेळात हरल्यावर पुढचा हंगाम असतो. नव्या प्रशिक्षकाची चूक वीस हजार माणसे त्याच संध्याकाळी पाहतात. जिल्ह्याच्या कारभारात ज्यांना चुकीची किंमत मोजावी लागते ती माणसे शाळेच्या गच्चीवर असतात, आणि तेथून त्यांचा आवाज कचेरीपर्यंत येत नाही.

त्यानंतरच्या प्रत्येक नेमणुकीत मी एक पथ्य पाळले. रुजू झाल्यापासून तीन महिने कोणालाही हलवायचे नाही. ज्याच्याविरुद्ध सर्वांत जास्त कुजबुज असेल त्याला प्रथम समोर बसवायचे आणि विचारायचे की, तुम्हाला असे काय माहीत आहे जे फाइलमध्ये नाही? आणि जाताना माझ्या कार्यभार-टिपणात कामांच्या यादीबरोबर माणसांची यादीही ठेवायची, कोणाला काय ठाऊक आहे ती. यामुळे माझे सगळे निर्णय बरोबर ठरले असे नाही. काही माणसे खरोखरच हलवावी लागली. पण त्यांच्या आदेशात कारण लिहिले.

बडबाबू त्या दूरच्या उपविभागातूनच निवृत्त झाले. निरोपाला मी गेलो होतो. त्यांनी माझ्या मुलीची चौकशी केली. पुराचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. काढायला हवा होता.