ब्रेकातली हवा

आमच्या पिकअपला लिंबू-मिरची नाही. गाडी जुनी, तिसऱ्या हातची, पतसंस्थेचे कर्ज काढून घेतलेली. घेतली त्या दिवशी नारळ फोडला नाही, चाकाखाली लिंबू ठेवले नाही. काचेवर बाबासाहेबांचा फोटो आणि मागे निळ्या अक्षरात 'जयभीम', एवढेच. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "रस्त्याची गाडी आहे, काहीतरी बांधा." आम्ही हसलो. पण लिंबू न बांधणाऱ्याला ब्रेक स्वतःच बघावे लागतात, हे त्या वेळी कळले नव्हते.

२० मार्चला, १९२७ च्या सत्याग्रहाच्या आठवणीला, महाडच्या चवदार तळ्यावर दरवर्षी लोक जमतात. वस्तीतल्या पोरांना तिथे पुस्तकांचा स्टॉल लावायचा होता. माणसे एसटीने जाणार, खोके, टेबले आणि ताडपत्री आमच्या गाडीत. पोरांनी निम्मे भाडे आगाऊ दिले आणि आम्ही ते लगेच हप्त्याला भरूनही टाकले. वाट पुण्याहून ताम्हिणी घाटाने, पुढे माणगाव, मग महाड. पुस्तकाचा खोका दिसतो लहान, पण वजन दगडाचे. भरलेली गाडी आणि घाटाचा उतार!

आणि ब्रेक स्पंजासारखा लागत होता. पाय ठेवला की पॅडल खाली बसायचे, दोन-तीनदा मारले की मग कुठे गाडी धरायची. महिनाभरापूर्वी एका गॅरेजमध्ये पुढचे ब्रेक खोलून केले होते, तेव्हापासूनचे हे दुखणे. मिस्त्रीने दोनदा एअर काढली, दोनदा पैसे घेतले. "आता टकाटक आहे," म्हणाला. चौकापर्यंत आलो तर पॅडल पुन्हा मऊ.

तेल दाबले जात नाही, हवा दाबली जाते. नळीत तेलच असेल तर पायाचा जोर थेट चाकापर्यंत पोचतो. मध्ये हवेचा बुडबुडा असेल तर जोर त्यालाच चेपण्यात जातो. घाटात आणखी एक भीती. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेते. असे जुने तेल ब्रेक तापले की लवकर उकळते, आणि त्याची वाफही हवेसारखीच दगा देते.

शेवटी नवे तेल आणून रविवारी आम्ही नवराबायकोच बसलो. हे काम एकट्याचे नाहीच. नवरा गाडीखाली, बायको पॅडलवर. निपलला पारदर्शक नळी, नळीचे दुसरे टोक बाटलीतल्या तेलात बुडवलेले. "मार... मार... धरून ठेव!" मग निपल सैल करायचे, बुडबुडे बाहेर. निपल घट्ट झाल्याशिवाय पाय उचलायचा नाही, नाहीतर हवा परत आत. वरच्या डबीतले तेल संपू द्यायचे नाही. सगळ्यात लांबचे चाक आधी, म्हणजे मागचे डावे. चारही चाके झाली, बुडबुडे थांबले. पॅडल मात्र तसेच!

मागचे लायनर सेट केले. नळ्या, चाके पुसून पाहिली, ओल कुठेच नाही. कोणी म्हणाले, मास्टर सिलिंडर गेला. नवा घ्यायला पैसे कुठले? पॅडल मिनिटभर दाबून धरले. ते हळूहळू खाली जात नव्हते. म्हणजे तोही बहुधा ठीक.

संध्याकाळी पोरे आली. "जयभीम करून निघू, हळू चालवा," एक जण म्हणाला. आम्ही सांगितले, पॅडल कडक होईपर्यंत गाडी हलणार नाही. त्यांना दुसरी गाडी बघायला सांगितले, पण आगाऊ रक्कम परत द्यायला हातात नव्हती. हे सांगताना मान वर होत नव्हती. पोरे काही बोलली नाहीत, तेच जास्त लागले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच खेळ. पाय भरून आला म्हणून बायको खाली उतरून बसली. बाटलीतला बुडबुडा वर चढताना बघत म्हणाली, "अहो, हवा वर जाते ना? मग पुढच्या चाकांची निपलं खाली कशी?"

गाडीखाली थोडा वेळ शांतता.

गल्लीच्या टोकाला अशीच दुसरी पिकअप उभी असते. बॅटरी घेऊन दोघेही तिकडे गेलो. तिच्या कॅलिपरची निपले वरच्या बाजूला! मिस्त्रीने आमचा डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसवला होता. हवा वरच्या कोपऱ्यात बसून राहायची आणि खालून नुसते तेल निघायचे. एवढे साधे, आणि महिनाभर चार जणांना दिसले नाही.

कॅलिपर अदलाबदल केले, नळीच्या जोडाला तांब्याचे नवे वॉशर घातले, पुन्हा एअर काढली. पुढच्या डाव्या चाकातून इतके बुडबुडे आले की दोघेही हसलो. पॅडल वरच्या वर धरले. आधी मैदानात रिकामी गाडी, मग खोके भरून छोट्या उतारावर चालवून पाहिली, आणि रात्रभर उभी ठेवून सकाळी चाके पुन्हा पुसून पाहिली. कोरडी.

घाट खालच्या गिअरमध्ये उतरलो. बायको शेजारी बसली होती, आणि तिचा उजवा पाय प्रत्येक वळणावर पत्रा दाबत होता.

परत आल्यावर गॅरेजमध्ये जाऊन सगळे सांगितले. मिस्त्री आधी मानेना, मग त्याने दुसऱ्या खेपेचे पैसे काढून दिले. पहिल्या खेपेचे अजून दिले नाहीत.