पळसदेवचें जलमग्न देवालय

इंदापूर तालुक्यांतील पळसदेव येथील पळसनाथाचें प्राचीन देवालय एरवीं उजनीच्या जलाशयांत बुडालेलें असतें. उन्हाळ्यांत पाणी फार ओसरलें, तरच तें उघडें पडतें. तशी वार्ता येतांच आम्ही बारामतीहून लेकी-सुना व नातवंडें यांसह आयत्या वेळीं निघालों आणि भेगाळलेला गाळ तुडवीत देवालय गांठलें. कोरीव पाषाण व विटांचें शिखर पाहून मुलें हरखलीं. परंतु पडक्या घरांच्या जोत्यांपाशीं नातीनें विचारलें, "आजोबा, इथले लोक कुठें गेले?"

भीमेवरील हें धरण १९८० सालीं पुरें झालें. त्यापायीं गांवकऱ्यांस घरेंदारें सोडून अन्यत्र वसावें लागलें. त्याच पाण्यावर आज इंदापूरचा ऊस डोलतो. देवदर्शनास जाणाऱ्यांनीं त्या जोत्यांसही एकवार हात जोडावे.