'कॉन' नावाचा फोल्डर

एके काळी एक ई-मेल फार फिरायची. 'कॉन' नावाचा फोल्डर कुणालाच करता येत नाही, हे म्हणे एका भारतीयाने शोधून काढलं आणि मायक्रोसॉफ्टलाही त्याचं उत्तर देता आलं नाही. लोक करून बघत, फोल्डर होत नसे, आणि ई-मेल आणखी दहा जणांकडे जाई. उत्तर मात्र गल्लीतल्या कॉम्प्युटर क्लासात डॉस शिकलेल्या कुणालाही देता आलं असतं. 'कॉपी कॉन' आणि पुढे फाइलचं नाव लिहायचं, मजकूर टाइप करायचा, कंट्रोल-झेड आणि एंटर दाबलं की फाइल तयार. कॉन म्हणजे कन्सोल: वाचताना कीबोर्ड, लिहिताना स्क्रीन.

१९८१च्या पहिल्या डॉसमध्ये फोल्डर नव्हतेच. १९८३मध्ये दुसऱ्या आवृत्तीत ते आले, पण तोवर लिहिलेल्या प्रोग्रामना त्यांचा पत्ता नव्हता. त्यांचं अडू नये म्हणून ठरलं, की कॉनसारखी राखीव नावं प्रत्येक फोल्डरमध्ये आहेतच असं धरायचं. ती सोय अगदी विंडोज १०मध्येही टिकून आहे.

जुने प्रोग्राम नव्या मशीनवर चालते ठेवणं हा माझा धंदा. त्यात एक गोष्ट पक्की कळली: मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या नियमांपायी प्रोग्राम क्वचित बंद पडतो. तो बंद पडतो कुणीच न लिहिलेल्या, सगळ्यांनी गृहीत धरलेल्या गोष्टींपायी.

टर्बो पास्कलचंच घ्या. त्यात लिहिलेले प्रोग्राम वर्षानुवर्षं सुरळीत चालले आणि पेंटियम २०० मेगाहर्ट्झच्या आसपास पोचल्यावर सुरू होताक्षणीच 'रनटाइम एरर २००' देऊन मरू लागले. एरर २०० म्हणजे शून्याने भागाकार. कोड शोधशोध शोधला तरी शून्य कुठेच सापडत नाही! भानगड होती 'सीआरटी' नावाच्या युनिटमध्ये. मिलिसेकंदांचा हिशेब ठेवण्यासाठी ते सुरुवातीलाच मशीनचा वेग मोजे. घड्याळाच्या एका टिकटिकीत, म्हणजे सुमारे ५५ मिलिसेकंदांत, रिकामा लूप किती वेळा फिरतो ते मोजायचं आणि त्याला ५५ने भागायचं. उत्तर सोळा बिटांत, म्हणजे ६५,५३५च्या आत मावेल, हे गृहीत. मशीन वेगवान झालं, उत्तर मावेना. भागाकार न मावला काय किंवा शून्याने भागलं काय, प्रोसेसर दोन्हीला एकच इंटरप्ट देतो. म्हणून तो फसवा निरोप. पुढे एक्झी फाइलमधला तेवढा भाग बदलणारे पॅच निघाले.

कधी कधी चूक प्रोग्रामची असते आणि निस्तरावी लागते ऑपरेटिंग सिस्टिमला. सिमसिटी हा गेम सोडून दिलेली मेमरी पुन्हा वाचायचा. भाड्याची खोली सोडल्यावर जुन्या किल्लीने परत आत शिरण्यातला प्रकार. आधीच्या सिस्टिमवर तोवर तिथे दुसरं कुणी राहायला आलेलं नसे, म्हणून निभावून जाई. विंडोज ९५ करणाऱ्यांनी मग गेम ओळखून त्याच्यापुरती मेमरी लगेच मोकळी न करण्याची तजवीज केली. शुद्धतावाद्यांना हे ओंगळ वाटतं. मला नाही वाटत. ज्याने पैसे मोजून गेम घेतला, त्याला चूक कुणाची याच्याशी काय देणंघेणं?

अर्थात हा लाड कायम पुरत नाही. ६४ बिटांच्या विंडोजने सोळा बिटांचे प्रोग्राम चालवणं सोडूनच दिलं. आपल्याकडे कॉलेजांतून टर्बो सी शिकवणाऱ्यांनी तेव्हा डॉसबॉक्सचा, म्हणजे जुन्या डॉस मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामचा, आसरा घेतला. त्यात कंट्रोल-एफ-११ दाबत गेलं की आजचं मशीन मुद्दाम हळू हळू होत जातं. गिऱ्हाइकाला हे दाखवलं की त्याला हसू येतं, पण एरर २०० तिथे येत नाही.

तेव्हा जुना पीसी भंगारात काढण्याआधी त्याची हार्ड डिस्क जशीच्या तशी उतरवून घ्या. नुसता डेटा पुरत नाही. सोर्स कोड ठेवा, आणि ज्या कंपायलरने प्रोग्राम तयार केला तो कंपायलरही ठेवा.