गुरगुर

बी.एड.च्या परीक्षेत मी पॅव्हलॉव्हच्या कुत्र्यावर दीड पान उत्तर लिहिले होते. घंटा वाजते, मग अन्न येते. काही दिवसांनी अन्न न येताही नुसत्या घंटेने कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते. हे अभिजात अभिसंधान. आकृतीसह लिहिले, बरे गुण मिळाले आणि तो कुत्रा माझ्या आयुष्यातून कायमचा गेला. पुढे बत्तीस वर्षे मी शाळेत मराठी शिकवले. वाचकहो, त्या बत्तीस वर्षांत त्या उत्तराचा मला एकदाही उपयोग झाला नाही. कारण ते मी लिहिले होते, शिकलो नव्हतो. शिकण्याची वेळ निवृत्तीनंतर आली आणि शिकवायला आली ती नेरूळ स्थानकाबाहेर एका चहाच्या टपरीखाली पावसात कुडकुडत बसलेली चार महिन्यांची गावठी कुत्री. रंग अगदी बेकरीतल्या खारीचा, म्हणून माझ्या सहा वर्षांच्या नातीने तिचे नाव ठेवले खारी.

खारीला वळण लावण्याचे काम साहजिकच माझ्याकडे आले. घरात शिक्षक मीच होतो. तिने दिवाणखान्यात घाण केली की मी तिचे नाक तिथवर नेत असे आणि वर्तमानपत्राची सुरळी जमिनीवर आपटत असे. कधी ती सुरळी जमिनीऐवजी तिच्या पाठीवर बसे. आठवड्याभरात फरशी कोरडी राहू लागली. मी समाधान पावलो. मग एके दिवशी कपाट सरकवले तेव्हा त्यामागची भिंत ओली दिसली. खारी शिकली होती खरी, पण मी शिकवलेला धडा तिने वेगळाच घेतला होता. ‘घरात करू नये’ हे तिला उमगलेच नव्हते. ‘या माणसासमोर करू नये’ एवढेच तिला कळले होते.

एवढ्यावरून मी शहाणा व्हायला हवे होते. झालो नाही.

खारी जेवत असताना एकदा नात तिच्या भांड्याजवळ गेली. खारीचे अंग ताठ झाले, खाणे थांबले आणि घशातून खोल गुरगुर आली. नातीवर गुरगुरते म्हणजे काय! मी सुरळी उचलली. दुसऱ्या वेळी पुन्हा तेच. तिसऱ्या वेळेपासून गुरगुर बंद झाली. मी पत्नीला अभिमानाने म्हणालो, “पाहिलेस? शिस्त लागली.” महिनाभराने नात पुन्हा भांड्याजवळ वाकली. या वेळी कसलाही आवाज झाला नाही. खारीने थेट तिच्या मनगटावर तोंड टाकले. रक्त आले नाही, पण चार दातांच्या खुणा उमटल्या. खारीला लसी टोचलेल्या होत्या, तरी आम्ही नातीला तातडीने डॉक्टरांना दाखवून आणले. रात्री सून शांतपणे म्हणाली, “बाबा, मला तिचा राग नाही. पण आता ती या घरात नको.” मुलगा काही बोलला नाही. दोन आठवड्यांची मुदत मी मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी आमच्या सेक्टरातल्या पशुवैद्य बाईंकडे गेलो. त्यांनी आधी खारीचे दात, कान, पोट तपासले; दुखणारे जनावरही अंगावर येते, म्हणून हे पहिले. दुखणे काही नव्हते. मग त्यांनी सगळी हकिगत ऐकली आणि विचारले, “सर, आपल्याकडे होल्डिंग पाँड कशासाठी आहेत?”

तुम्ही नवी मुंबईचे नसाल तर सांगायला हवे. १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने हे शहर खाडीकाठच्या सखल जमिनीवर वसवले. भरती आली की नाल्यांच्या तोंडाशी असलेली झडपेची दारे मिटतात, म्हणजे खाडीचे पाणी आत येत नाही. पण त्याच वेळी पाऊस कोसळत असेल तर शहराचे पाणी बाहेरही जाऊ शकत नाही. ते या धारण तलावांत थांबते आणि ओहोटी लागली की खाडीत उतरते. उन्हाळ्यात हे तलाव गाळाने, चिखलाने भरलेले, कुरूप दिसतात. “कुणी म्हणाले, हे घाण दिसते, बुजवून टाका,” बाई म्हणाल्या, “तर पाऊस थांबेल का? पाणी घरात शिरेल. गुरगुर म्हणजे कुत्र्याचा धारण तलाव. ‘मला भीती वाटते आहे, लांब राहा,’ एवढेच ती सांगत होती. तुम्ही भीती घालवली नाहीत, सर. फक्त सांगण्याची जागा बुजवलीत.”

त्या दिवशी खऱ्या अर्थाने माझी शाळा सुरू झाली. या शिक्षणाचा पाया एका वाक्यात सांगता येतो: कुत्र्याने जे करावेसे वाटते ते त्याच्या हातून घडेल अशी परिस्थिती निर्माण करा, घडले की त्याच क्षणी त्याचे चीज करा. ऐकायला सोपे, करताना मात्र हात आणि डोळा दोन्ही नव्याने घडवावे लागतात.

‘बस’ शिकवताना वाटाण्याएवढा पनीरचा तुकडा खारीच्या नाकाशी धरला आणि सावकाश वर, डोक्यामागे नेला. नाक वर गेले, तसा मागचा भाग आपोआप खाली टेकला. टेकताक्षणी ‘छान’ म्हणायचे आणि तुकडा द्यायचा. माझा पहिला दिवस वाया गेला, कारण मी दोन-तीन सेकंद उशीर करीत होतो. तेवढ्यात ती उठे, तुकडा मिळे आणि उठण्याचेच कौतुक झाले असे ती समजे. पुढे हातात तुकडा न धरता नुसती हाताची खूण केली, बसल्यावर दुसऱ्या हाताने तुकडा दिला. तेही जमल्यावर खुणेच्या आधी ‘बस’ हा शब्द आला, तोही एकदाच. दहादा ‘बस, बस’ म्हटले तर दहाव्या वेळी ऐकायचे असते, एवढेच ती शिकेल. एका वेळी तीन मिनिटे, दिवसातून दोन-तीनदा, जेवणाआधी. कंटाळा येण्यापूर्वी थांबायचे.

दिवाणखान्यात पटकन बसणारी खारी लिफ्टपाशी नेली तर हा शब्द कधी ऐकलाच नसल्यासारखी पाहू लागली. पूर्वीचा मी याला उद्धटपणा म्हटले असते. आता कळले की नवी जागा, नवे वास, नवे आवाज यांत तो धडाच तिच्यासाठी नवा असतो. तिथे पुन्हा सोप्या पायरीपासून सुरुवात करायची. झोपून उठली, जेवली, खेळली की लगेच खाली नेऊ लागलो आणि योग्य जागी काम उरकले की तिथल्या तिथे तुकडा. घरात चूक झालीच तर न बोलता पुसून घ्यायचे. फिरताना तिने पट्टा ओढला की मी खांबासारखा उभा राहायचो, पट्टा सैल झाला की चालायचो. पाम बीच मार्गालगतच्या पदपथावर त्या दिवसांत आम्ही जेवढे चाललो त्याहून अधिक वेळ उभे राहिलो.

शेजारचे एक गृहस्थ म्हणाले, “ही तर लाच झाली.” माझ्याआधी पत्नीनेच उत्तर दिले, “काम झाल्यावर मिळते त्याला लाच नाही, पगार म्हणतात.” तिचे बरोबर होते. धडा पक्का झाल्यावर तुकडा दर वेळी द्यावा लागत नाही. कधी तुकडा, कधी शाब्बासकी, कधी दोरी-ओढीचा खेळ. आणि या पद्धतीत लाड म्हणजे मोकळीक नव्हे. खारी जेवताना तिच्याजवळ कुणीही जायचे नाही हा नियम घरात पहिल्या दिवशीच झाला. तिचे भांडे स्वयंपाकघराच्या गॅलरीत दाराआड गेले. चूक घडण्याची संधीच न देणे हाही शिकवण्याचाच भाग आहे.

मग भांड्याकडे वळलो. ती जेवत असताना मी पुष्कळ लांबून, तिचे अंग ताठ होणार नाही इतक्या अंतरावरून, चालत जायचो, उकडलेल्या कोंबडीचा तुकडा भांड्याकडे टाकायचो आणि न थांबता निघून जायचो. चार-पाच दिवसांनी ती मला पाहून मान वर करू लागली, शेपूट सैल हलू लागली. मग एक पाऊल जवळ. अंग आखडले तर पुन्हा एक पाऊल मागे. जवळ येणारा माणूस काही हिरावून घेत नाही, उलट आणून देतो, हे तिच्या मनात रुजायला हवे होते. पॅव्हलॉव्हची घंटा आता मी स्वतः झालो होतो. दोन आठवड्यांत सारे साधले नाही. पण सुनेने ते पाहिले आणि मुदतीचा विषय पुन्हा काढला नाही.

मी जुनी पुस्तके पुन्हा काढली. थॉर्नडाइक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १८९८ साली पेटीत कोंडलेल्या मांजरांवरचे प्रयोग मांडले. त्यांतून आलेला परिणामाचा नियम आम्ही पाठ केला होता: सुखद परिणामाने वर्तन दृढ होते, दुःखद परिणामाने क्षीण होते. त्याच थॉर्नडाइकने १९३० च्या दशकात स्वतःचा नियम दुरुस्त केला; बक्षिसाने शिकणे जितके पक्के होते तितके ते शिक्षेने पुसले जात नाही, असे त्याला आढळले. आम्ही पहिला भाग पाठ केला आणि दुरुस्ती सोडून दिली. पुढे कॅरेन प्रायर यांनी डॉल्फिनांना शिकवण्याची रीत आपल्या १९८४ सालच्या पुस्तकातून कुत्र्यांच्या आणि माणसांच्या शिक्षणापर्यंत आणली. डॉल्फिनला पट्टा बांधता येत नाही, मारताही येत नाही. न आवडल्यास तो पोहत निघून जातो. ज्याला निघून जाता येते त्याला शिकवायचे, तर शिक्षकालाच सुधारावे लागते.

महाभारताच्या अखेरीस युधिष्ठिराबरोबर चालणारा कुत्रा आपणा सर्वांना माहीत आहे. पण आदिपर्वाच्या आरंभीही एक कुत्रा आहे. जनमेजयाचे यज्ञसत्र चालू असता सरमेचे पिल्लू तिथे येते आणि राजाचे भाऊ त्याला मारतात. रडत आलेल्या पिल्लाला आई आधी विचारते, तुझ्या हातून काही चुकले असेल. ते सांगते, मी हविर्द्रव्याकडे पाहिलेही नाही, चाटलेही नाही. तेव्हा सरमा त्या यज्ञसत्रात जाऊन जाब विचारते. कुणी उत्तर देत नाही. ती शाप देते: तुम्हांला न दिसणारे भय प्राप्त होईल. मी हा भाग वर्गात गोष्ट म्हणून अनेकदा सांगितला होता. न दिसणारे भय म्हणजे काय, हे मला नातीच्या मनगटाकडे पाहताना समजले.

आता एक कबुली, जिच्यासाठी हा लेख लिहिला. माझा वर्ग शाळेत सर्वांत शांत म्हणून ओळखला जाई. शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्याने कलम १७ अन्वये शाळेत मुलांना मारणे आणि त्यांचा मानसिक छळ करणे दोन्ही निषिद्ध केले, तेव्हा छडी मी कपाटात ठेवली. आवाज मात्र तोच राहिला. खारी घरात आल्याच्या दुसऱ्या वर्षी वाशीच्या बाजारात एक जुना विद्यार्थी भेटला. वाकून नमस्कार केला. बोलता बोलता सहज म्हणाला, “सर, समास मला दहावीपर्यंत कळलेच नाहीत.” मी म्हणालो, “मग विचारले का नाहीस?” तो हसला, “तुमच्या तासाला कोण विचारणार?” त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. माझ्या हातात भाजीची पिशवी होती आणि मला कपाटामागची ओली भिंत दिसत होती.

तुमच्यापैकी अनेकजण नोकरी आणि संसार सांभाळून ही पुस्तिका वाचत असाल. कदाचित कधी काळी तुमचाही वर्ग शांत असेल आणि म्हणूनच शिक्षण मध्येच सुटले असेल. उद्या तुमच्या हाताखाली मूल असेल, नवखा कामगार असेल, नाही तर एखादे पिल्लू. ते गप्प झाले तर शिकले असे धरून चालू नका. ते कोणत्या क्षणी बरोबर वागले, एवढे मात्र डोळ्यांत तेल घालून पाहा.

खारी आता पाच वर्षांची आहे. दिवाळीत फटाक्यांनी घाबरून ती पलंगाखाली शिरते, आणि कुणी ओढायला गेले तर अजूनही गुरगुरते. परवा नातीने तो आवाज ऐकला, दोन पावले मागे सरली आणि आत वळून म्हणाली, “आजोबा, ती सांगतेय.” मग जमिनीवर लांबच बसून तिने पनीरचा एक तुकडा पलंगाकडे सरकवला.