काचेआडचं तेल

इंग्लंडमध्ये भाड्याच्या घरात ओव्हन असतोच, आणि घर मराठी माणसाचं असेल तर बहुधा तो कढया-तव्यांचं कपाट असतो. आमच्या रेडिंगच्या फ्लॅटमध्ये तो अधूनमधून रिकामाही होई. ग्रिलखाली भरताची वांगी भाजली जात, थंडीत रताळी. वांगी फुटत, रताळ्यांचा पाक तळावर गळून त्याचा कोळसा होई आणि चिकनच्या तेलाचे शिंतोडे पार वरपर्यंत जात. घर सोडायची नोटीस दिली तेव्हा आतला मूळ राखाडी रंग फक्त जाळीच्या खाचांमागे उरला होता.

२०१९च्या टेनंट फीज कायद्यानुसार तिथे घरमालकाला पैसे देऊन सफाई करून घ्यायची सक्ती करता येत नाही. पण घर ताब्यात घेताना होतं तितकं स्वच्छ करून द्यावं लागतं, नाहीतर अनामत रकमेला कात्री. नवरा म्हणाला, "माणूस बोलावू या." असा ओव्हन परक्या माणसाला दाखवायचा? मी बाह्या सरसावल्या.

व्हिडिओ कॉलवर आईनं ते दर्शन घेतलं. "अगं, किती हा राप! चिंच लावून बघ." चिंच तांब्या-पितळेची. तिच्या आंबटपणानं धातूचा काळपटपणा सुटतो, करपलेलं तेल नाही. "मग आजी भांडी राखेनं घासायची, तसं कर." हे मात्र अचूक होतं. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं आणि तेलाच्या चिकट्याला असा अल्कलीच लागतो. राख कुठून आणणार? सुपरमार्केटात धुण्याचा सोडा मिळाला.

बाथटबला चरे पडू नयेत म्हणून जुना टॉवेल अंथरला, त्यावर जाळ्या, वर सोडा आणि कढत पाणी. ॲल्युमिनियमला हा सोडा चालत नाही, पण आमच्या जाळ्या स्टीलच्या होत्या. सकाळी टबातलं पाणी कडक चहासारखं झालं होतं.

आतल्या भागासाठी बाजारात कॉस्टिकचे फवारे मिळतात. काम झटपट होतं, पण कॉस्टिक कातडी भाजतं, आणि आमच्या स्वयंपाकघराची खिडकी जेमतेम वीतभर उघडायची. मी खायचा सोडा निवडला. भिंतीवरचा लाल स्विच बंद केला, सोडा पाण्यात कालवून दाट लेप केला आणि कॉइल व मागचा पंखा सोडून सगळीकडे थापला. दोन्ही बाजूंचे खरखरीत पत्रे तेवढे कोरे ठेवले. त्यांच्यावर तेल जाळून टाकणारा खास थर असतो, तो सोड्यानं आणि घासण्यानं बिघडतो. ते ओव्हन रिकामा तापवूनच साफ करायचे.

रात्रभर लेप तसाच राहू दिला. हे थांबणंच महत्त्वाचं, कारण आतला थर म्हणजे साधा मळ नव्हेच. तापलेलं तेल हवेतल्या ऑक्सिजनशी जुळून वार्निशसारखं कडक होतं. बिडाच्या तव्यावर हाच थर आपण हौसेनं चढवतो आणि तवा छान तयार झाला म्हणतो! नुसतं घासून तो हलत नाही, हात मात्र मोडतात. सकाळी लाकडी उलथन्यानं खरवडला तेव्हा पापुद्रे निघाले. रताळ्यांच्या कोळशाला आणखी एक लेप लागला.

सोड्यावर व्हिनेगर ओतून फेस काढणारे व्हिडिओ आपण सगळ्यांनीच पाहिलेत. दिसायला झकास, पण त्यात दोघंही एकमेकांना मारून टाकतात आणि तेल जागच्या जागी. व्हिनेगरचं काम शेवटी: पुसल्यावर सोड्याची पांढरी झाक राहते, ती त्यानं जाते.

खरा वैताग दाराचा. दोन काचांच्या मध्ये तेलाचे तपकिरी ओघळ उतरलेले, बाहेरून कितीही पुसा. बिजागऱ्यांच्या खुंट्या आधी नीट अडकवाव्या लागतात, नाहीतर स्प्रिंग फाडकन मिटून बोटं चिरडते. नवऱ्यानं दार उचलून धरलं, मी आतली काच सरकवून काढली. साबणाच्या पाण्यानं ती पाच मिनिटांत लख्ख झाली. इतक्या सोप्या कामासाठी एवढी मोडतोड!

सगळं परत बसवून ओव्हन दोनशे अंशांवर रिकामा तापवला. उरलासुरला सोडा आणि तेल जळाल्याचा वास सुटला, धुराचा अलार्म कोकलला, नवरा टॉवेलनं वारा घालत उभा. मागच्या स्क्रूभोवती एक काळा डाग राहिलाच. घर घेतानाचे फोटो काढून पाहिले, त्यात तो डाग होता. मी त्याला हात लावला नाही.